शिडांमागची माणसे : मिशिगन सरोवरावरील मॅकिनॉ शर्यत

१८९८ च्या उन्हाळ्यात पाच शिडाच्या नौका शिकागोहून उत्तरेकडे निघाल्या. त्यांना ३३३ मैलांवरच्या मॅकिनॉ बेटावर पोहोचायचे होते. 'व्हॅनेना' नावाची नौका सुमारे ५१ तासांत बेटावर पोहोचली आणि पहिली आली. अमेरिकेतील शिकागो यॉट क्लबच्या या शर्यतीची ही सुरुवात. दुसरी शर्यत व्हायला १९०४ साल उजाडले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ती काही वर्षे बंद राहिली आणि १९२१ पासून मात्र जवळजवळ दरवर्षी होत आली. गोड्या पाण्यावरची, दरवर्षी होणारी, लांब पल्ल्याची जगातील सर्वांत जुनी शर्यत म्हणून आज तिची ख्याती आहे.

सुरुवातीचे कारण साधे होते. शिकागोतील धनिक कुटुंबांचे उन्हाळी बंगले मॅकिनॉ बेटावर असत. शहरातला उकाडा वाढला की घरची मंडळी तिकडे जात आणि हौशी यॉटमालक आपापल्या नौका पाण्याने तिकडे नेत. एकाच दिशेने निघालेल्या नौकांत चढाओढ व्हायचीच. तिला क्लबने नियम आणि करंडक दिले. योगायोग असा की ज्या १८९८ साली ही शर्यत सुरू झाली, त्याच साली बेटाने मोटारगाड्यांना बंदी केली. ती बंदी आजही आहे. शर्यत संपवून बंदरात उतरलेल्या खलाशाला आजही तिथे घोडागाडी, सायकल किंवा स्वतःचे पाय एवढीच वाहने मिळतात.

जुन्या निकालांत नौकेचे नाव असते, मालकाचे नाव असते आणि वेळ असते, कधी कधी सेकंदांपर्यंत. दोर कोणी ओढले, रात्री सुकाणू कोणाच्या हाती होते, फाटलेले शीड कोणी उतरवले, हे क्वचितच असते. या लेखात मी हा इतिहास खलाशाच्या जागेवरून वाचायचा प्रयत्न करतो आहे. शिकागोत राहत असताना दोन उन्हाळे मी या शर्यतीत एका नौकेवर खलाशी होतो, त्यामुळे त्या कामाची माहिती प्रत्यक्षातली आहे. पण मला सांगायचे आहे ते माझ्या सफरींविषयी नाही. वजन आणि बाहुबळ म्हणून नौकेवर घेतलेल्या माणसाची माणूस म्हणून मोजणी कधी आणि कशी सुरू झाली, एवढाच माझा प्रश्न आहे.

आधी या पाण्याविषयी. 'सरोवर' म्हटले की आपल्यापुढे रंकाळा येतो, फार तर कोयनेचा जलाशय. मिशिगन सरोवर दक्षिणोत्तर सुमारे ४९० किलोमीटर आहे. मुंबईहून समुद्राने पणजीला जाण्याच्या अंतराहूनही जास्त. जास्तीत जास्त रुंदी १९० किलोमीटर, खोली २८१ मीटर आणि क्षेत्रफळ सुमारे ५८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या कोकणाच्या जवळजवळ दुप्पट. मध्यावर गेल्यावर एकही किनारा दिसत नाही. भरती-ओहोटी जाणवत नाही, पाणी खारट नाही, एवढे सोडले तर बाकी सगळा समुद्रच. फरक लाटांत आहे. महासागराची लाट लांबलचक असते, नौका तिच्यावर चढते आणि उतरते. इथल्या लाटा आखूड, उभ्या आणि एकीमागे एक लागलेल्या. पहिलीतून सावरेपर्यंत दुसरी आदळते. जुलैत पश्चिमेकडच्या मैदानांवर हवा तापते आणि वादळी ढगांची रांग सरोवर ओलांडून पूर्वेकडे येते. रात्री क्षितिजावर विजा दिसू लागल्या की तयारीला फार तर तासभर मिळतो.

या पाण्यावर शर्यतीच्या कितीतरी आधीपासून माणसे राबत आली आहेत. मॅकिनॉ हे नाव इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतले. दुरून बेटाचा आकार मोठ्या कासवासारखा दिसतो, त्यावरून ते पडले असे सांगतात. फरच्या व्यापाराच्या काळात माँट्रियलहून भूर्जाच्या सालीच्या मोठ्या होड्या इथवर येत. पहाटेपासून रात्रीपर्यंत वल्ही मारायची आणि जिथे नदी तुटेल तिथे सुमारे ४० किलोची एकेक गाठोडी, बहुधा दोन-दोन, पाठीवर घेऊन रान तुडवायचे, असे त्या फ्रेंच-कॅनेडियन वल्हेकऱ्यांचे जिणे होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जॉन जेकब ॲस्टरच्या अमेरिकन फर कंपनीचे मोठे ठाणे याच बेटावर होते. ॲस्टर अमेरिकेतला सर्वांत श्रीमंत माणूस झाला. वल्हेकरी उरले ते कंपनीच्या हिशेबवहीत, त्यांना दिलेल्या उचलीपुरते.

पुढचा काळ स्कूनरांचा. दोन-तीन डोलकाठ्यांची ही मालवाहू गलबते धान्य आणि लाकूड वाहत. ज्या १८७१ च्या ऑक्टोबरात शिकागो आगीत भस्मसात झाले, त्या वर्षी शिकागो हे जहाजांच्या ये-जा संख्येने अमेरिकेतील सर्वांत गजबजलेल्या बंदरांपैकी एक होते. जळालेले शहर पुन्हा उभे राहिले, तेही बऱ्याच अंशी याच गलबतांनी उत्तरेच्या जंगलांतून आणलेल्या लाकडावर. पुढे आगगाडी आणि आगबोट यांनी त्यांचा धंदा संपवला. शेवटच्या काही स्कूनरांपैकी 'राउज सिमन्स' नाताळची झाडे घेऊन शिकागोला येत असताना नोव्हेंबर १९१२ मध्ये वादळात बुडाली. कप्तान हर्मन शूनमन यांचे नाव आजही शिकागोत आदराने घेतले जाते. पण त्या रात्री गलबतावर एकूण किती माणसे होती, हे आजतागायत नक्की ठरलेले नाही. खलाशांखेरीज काही लाकूडतोडेही घरी परतण्यासाठी चढले होते असे म्हणतात. आकडे निरनिराळे सांगितले जातात. १९७१ साली पाणबुड्यांना गलबत सापडले, झाडेही सापडली. माणसांची यादी सापडायची नव्हती, कारण ती बहुधा कोणी केलीच नव्हती.

मॅकिनॉ शर्यत बाळसे धरत होती ती नेमकी याच काळात. तेव्हाच्या मोठ्या अमेरिकी यॉटवर पगारी खलाशी असत. त्यांतले बरेच स्कँडिनेव्हियातून आलेले. मालक आणि त्याचे मित्र हौसेने सुकाणू धरत, जड शिडे चढवण्या-उतरवण्याचे काम पगारी हातांचे. शिडे सुती कापडाची, भिजली की दुप्पट जड. दोर तागाचे आणि अंबाडीच्या जातीच्या धाग्यांचे, तळहात सोलून काढणारे. नौका जितकी मोठी तितके हात जास्त.

१९११ ची शर्यत या काळाची खूण आहे. त्या वर्षी नौकांना ताशी ८० मैलांपर्यंतच्या वाऱ्याने गाठले, असे या शर्यतीच्या इतिहासात नोंदले आहे. 'व्हेन्सेडोर' ही मोठी नामांकित नौका. १८९६ साली टोलेडो इथे 'कॅनडा' या नौकेशी तिचा सामना झाला होता. त्यात ती हरली आणि त्या सामन्याचा करंडक पुढे 'कॅनडाज कप' म्हणून प्रसिद्ध झाला. १९०४ ची मॅकिनॉ शर्यत मात्र तिने जिंकली होती. १९११ च्या त्या वादळात शार्लव्हॉय गावाजवळच्या फिशरमन बेटापाशी ती खडकाळ उथळीवर चढली आणि तिचे तुकडे झाले. माणसे सगळी वाचली. त्याच वाऱ्यावर स्वार होऊन 'अमोरिटा' ही स्कूनर ३१ तास १४ मिनिटे ३० सेकंदांत बेटावर पोहोचली. हा विक्रम ७६ वर्षे टिकला. १९८७ साली 'पाइड पायपर'ने तो २६ तासांच्या आत येऊन मोडला. शर्यतीचा इतिहास सांगताना १९११ ची आठवण निघते ती या दोन नौकांसाठी, एक फुटली म्हणून आणि एक पळाली म्हणून. फुटणाऱ्या नौकेवरून माणसे खाली कशी उतरली, ही त्या रात्रीची तिसरी गोष्ट सहसा मागे राहते.

१९३७ साली निघालेल्या ४२ नौकांपैकी फक्त ८ पोहोचल्या. १९७० साली उत्तरेकडून, म्हणजे अगदी समोरून वादळ आले. १६७ पैकी ८८ नौकांनी माघार घेतली. त्या वर्षी 'अमेरिकन ईगल' घेऊन आलेले टेड टर्नर महासागरावरचे कसलेले शर्यतपटू होते. या सरोवराची त्यांनी आधी थट्टा केली होती. शर्यतीनंतर त्यांनी आपले शब्द जाहीरपणे मागे घेतल्याचा किस्सा शिकागोच्या धक्क्यावर अजून चवीने सांगतात. मला त्या आकड्यांतला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. माघार घेतलेल्या ८८ नौकांवर प्रत्येकी सहा-आठ माणसे धरली तरी पाचशेहून अधिक माणसे त्या रात्री जवळचे बंदर शोधत होती. निकालात त्यांच्या वाट्याला आला तो 'शर्यत सोडली' एवढाच शेरा. वेळीच शर्यत सोडणे हीसुद्धा खलाशाच्या कामातली एक कसोटी आहे, पण तिला करंडक नसतो.

आता कामाविषयी थोडे. पस्तीस-चाळीस फुटी नौकेवर आठ-दहा माणसे असतात आणि प्रत्येकाची जागा ठरलेली असते. एक नाळेवर, एक डोलकाठीपाशी, एक मधल्या खाचेत जिथे सगळे दोर येऊन मिळतात, दोघे-तिघे शिडांच्या दोरांवर, एक सुकाणूवर, एक नकाशापाशी. आपल्याकडच्या मचव्यावर तांडेल जसा एका हाकेत सगळ्यांना हलवतो, तसे इथे कप्तानाचे. शिकागोच्या नेव्ही पिअरसमोरून नौका गटागटाने सुटतात. पुढचा मार्ग आखलेला नसतो. सरोवराच्या पूर्व अंगाने जायचे की मधून, हे वारा पाहून ठरवायचे. मग पॉइंट बेट्सीचा दिवा, स्लीपिंग बेअरच्या वाळूच्या टेकड्या, मॅनिटू बेटे, ग्रेज रीफची अरुंद वाट आणि अखेर १९५७ साली वाहतुकीला खुला झालेला पाच मैलांचा मॅकिनॉ पूल. पुलाखालून गेले की सरोवर बदलते, ह्यूरन लागते, आणि थोड्याच अंतरावर शेवटची रेषा. याच बेटावर संपणारी दुसरी शर्यत १९२५ पासून ह्यूरनच्या दक्षिण टोकाहून, पोर्ट ह्यूरनहून निघते.

मध्यम आकाराच्या नौकेला या प्रवासाला दोन ते तीन दिवस लागतात. माणसांच्या दोन पाळ्या करतात. रात्री चार तास जागायचे, चार तास निजायचे. उठणाऱ्याच्या उबदार फळीवर निजणाऱ्याने ओल्या कपड्यांनिशी पडायचे. जुलैतही पहाटे हात गारठतात. मागून वारा असला की पुढचे मोठे फुगीर शीड लावतात. त्याचा दोर धरणाऱ्याला क्षणभरही नजर काढता येत नाही. शिडाची कड दुमडू लागली की ओढायचे, सावरली की हळूच सैल सोडायचे, तासभर हेच. वारा पडला की चावऱ्या माश्यांचे थवे पायांवर बसतात आणि मोज्यांतूनही चावतात.

या सगळ्यापेक्षा जास्त वेळ जातो तो नुसते बसण्यात. वारा बाजूने आला की नौका कलते. तिला सरळ ठेवण्यासाठी माणसांनी वाऱ्याकडच्या कडेवर, पाय बाहेर सोडून, ओळीने बसायचे. आठ माणसांचे सहाशे-साडेसहाशे किलो वजन तिथे असले की नौकेचा वेग टिकतो. वारा अगदी मंद असेल तर उलट. शिडाला आकार यावा म्हणून सगळ्यांनी खालच्या बाजूला, अजिबात न हलता बसायचे. अशा बसणाऱ्यांना अमेरिकी शर्यतपटूंच्या बोलीत 'कठड्यावरचे मांस' म्हणतात. गंमतीत म्हणतात, आणि बसणारेही हसतात. पण शब्द नेमका आहे. तासन् तास माणसाची गरज असते ती केवळ त्याच्या वजनासाठी.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हातांचे काम बदलले. सुती शिडांच्या जागी पॉलिस्टर आणि पुढे त्याहून हलकी कापडे आली, तागाच्या जागी कृत्रिम दोर, ओढण्याला दात्यांच्या विंच. उपग्रहांमुळे आपण कुठे आहोत हे विचारायची गरज संपली. २००२ साली रॉय डिस्नी यांची 'पायवॅकेट' साडेतेवीस तासांत पोहोचली. २००८ च्या शंभराव्या शर्यतीत चारशेहून जास्त नौका होत्या. बहुतेक नौकांवर पगारी खलाशी उरले नाहीत. कचेऱ्या, दवाखाने, शाळा यांतून सुटी काढून आलेली माणसे स्वखुशीने कठड्यावर बसू लागली. काम हलके झाले, नौकाही हलक्या झाल्या. आणि नौका जितकी हलकी, तितकी माणसाच्या वजनाची किंमत वाढली.

या हिशेबाचे टोक २०११ साली दिसले. 'विंगनट्स' ही ३५ फुटी नौका होती. तिच्या दोन्ही अंगांना पंखांसारखे रुंद भाग काढलेले होते, खलाशांना अधिक बाहेर बसता यावे आणि त्यांच्या वजनाचा जोर वाढावा म्हणून. १७ जुलैच्या रात्री वादळाची रांग सरोवरावरून गेली. शार्लव्हॉयजवळच्या पाण्यात नौका उलटली आणि उलटीच राहिली. १९११ साली व्हेन्सेडोर फुटली तो किनारा इथून फार दूर नाही. मध्ये बरोबर शंभर वर्षे गेली होती. आठांपैकी दोघे दगावले. अपघाताने झालेले या शर्यतीतले हे पहिले मृत्यू, आणि तेही १०३ व्या शर्यतीत.

अमेरिकेच्या राष्ट्रीय नौकानयन संस्थेने चौकशी केली. माणसे अनुभवी होती, त्यांनी जीवरक्षक जाकिटे घातली होती, नौकेला बांधलेले दोरही लावले होते. दोष सापडला तो मुख्यतः नौकेच्या स्थैर्यात. ज्या पंखांनी माणसांचे वजन कामी आणले, त्यांच्याचमुळे ती उलटायला सोपी आणि उलटल्यावर सरळ व्हायला अवघड झाली होती. त्यानंतर स्थैर्याच्या अटी कडक झाल्या. माणसाला नौकेशी बांधणारा दोर ताणलेला असतानाही छातीपाशी सोडवता आला पाहिजे, या मुद्द्यावर भर आला. २०१८ साली शर्यत सुरू झाल्यावर थोड्याच वेळात एक खलाशी पाण्यात पडला आणि त्याचे जाकीट फुगले नाही. तेव्हापासून आपापले जाकीट नीट तपासून घेण्याबद्दल बोलणे आणखी वाढले. या सुधारणांकडे पाहिले की एक गोष्ट दिसते. पूर्वी चर्चा नौका तरावी कशी याची असे. आता ती पाण्यात पडलेल्या एका माणसाच्या छातीवरच्या आकड्यापर्यंत येऊन पोहोचली आहे.

त्या रात्रीची दुसरी बाजूही सांगायला हवी. विंगनट्सचे सहा जण वाचले ते 'सोशेबल' या नौकेमुळे. तीही शर्यतीतच होती. वादळात तिने आपली शिडे आवरली, शिट्ट्यांच्या आवाजाच्या आणि दिव्यांच्या रोखाने गेली आणि अंधारात, लाटांत माणसे वर ओढून घेतली. शिडांच्या शर्यतींच्या जागतिक नियमावलीत शेकडो कलमे आहेत. कोणी कोणाला वाट द्यायची, वळताना किती अंतर ठेवायचे. त्यांतले अगदी पहिले कलम असे आहे की संकटातल्या माणसाला किंवा नौकेला शक्य ती सगळी मदत केलीच पाहिजे. मदतीत गेलेला वेळ पंच त्या नौकेला परत देऊ शकतात. सेकंदांवर चालणाऱ्या खेळात हा वेळ परत देण्याची तरतूद मला त्या सगळ्या नियमावलीतील सर्वांत सुसंस्कृत गोष्ट वाटते.

आज शर्यतीपूर्वी प्रत्येक नौकेला आपल्या खलाशांची नावानिशी नोंद करावी लागते, आणि ठराविक प्रमाणात माणसांनी पाण्यावरच्या सुरक्षेचे प्रशिक्षण घेतलेले असावे लागते. नौकेवरचे यंत्र तिची जागा सतत कळवत राहते. घरी बसलेली माणसे पडद्यावर तिचा ठिपका सरकताना पाहतात. राउज सिमन्सवर किती जण होते हा प्रश्न आता पडणार नाही.

मानाचीही एक जागा खलाशांनी स्वतः निर्माण केली आहे. ज्याने ही शर्यत २५ वेळा केली त्याला 'आयलंड गोट', म्हणजे बेटावरचा बोकड म्हणतात. इतके दिवस अंघोळीवाचून राहिलेल्या माणसाच्या वासावरून हे नाव पडले असे सांगतात. या मंडळींची रीतसर संस्था आहे. इथे नौका कोणती होती, मालक कोण होता, कितवा क्रमांक आला हे कोणी विचारत नाही. हयातीतले २५ उन्हाळे मोजतात. त्या यादीत मालक आहेत, सुकाणू धरणारे आहेत, आणि पंचवीसही वेळा केवळ कठड्यावर बसून गेलेलेही आहेत. ही यादी माणसांच्या नावांची आहे.